हद्दीबाहेरचं दार

मोजणीदार वस्तीवर येणार ही बातमी आली, तेव्हा सगळ्यांच्या आधी भट्टीवाल्याने मनात हिशेब मांडला. बोटांवर मांडता आला नसता, बोटं चिखलाने भरली होती.

नळ मिळणार होता. रस्त्याच्या फाट्यावर पाटी लागणार होती, म्हणजे कौलं न्यायला येणारा गाडीवान वाट चुकून दुसऱ्याच्या भट्टीवर जायचा थांबणार होता. खांबावर दिवा येणार होता. या सगळ्याच्या बदल्यात सरकार मागत काय होतं, तर एक रेघ. मोजणीदार वस्तीभोवती रेघ ओढणार. आतलं ते गाव, तिथे खणायला बंदी; बाहेरचं ते रान. ती रेघ भट्टीवाल्याच्या घराच्या अलीकडून वळली की त्याचं सोनं झालं, पलीकडून वळली की माती झाली. खरं तर उलट. माती हेच त्याचं सोनं होतं, आणि ती नेमकी त्याच्या घराखाली होती.

वस्ती दोन गावांच्या मधे पडलेली. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी तिची गत. वरचं गाव म्हणे ही खालच्यांची, खालचं गाव म्हणे ही वरच्यांची. छप्पर गळायला लागलं की मात्र दोन्ही गावांना तिची आठवण यायची. नाव असं तिला कधी नव्हतंच. लोक म्हणायचे, "भट्ट्यांवर जाऊन येतो." बस्स, तेवढं पुरायचं.

नदीने फार पूर्वी वळण सोडलं आणि मागे निळसर राखी माती ठेवून गेली. त्या मातीमागे कौलं करणारे आले. घरं बांधली, घरांशेजारी खणायला लागले. खड्डा दाराशी आला की घर उचलून पुढे न्यायचं आणि सोडलेली जागाही खणायची. मागच्या खड्ड्यात पाणी साचायचं. त्यामुळे भट्टीच्या उंचवट्यावर उभं राहिलं की वस्तीचा सगळा इतिहास एका नजरेत दिसायचा, आणि तो सगळा पाण्याखाली होता. म्हशी डुंबायच्या ते तळं म्हणजे पहिली आळी. लव्हाळ्यांचं तळं ही आजोबांची. आणि हिरव्या शेवाळाचं शेवटचं तळं दाखवून भट्टीवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "मी जन्मलो त्या खोलीत आता मासे राहतात. भाडं देत नाहीत."

घर उचलायचं म्हणजे कौलं उतरवायची, वासे काढायचे, दाराची चौकट सोडवायची आणि शेवटी उंबऱ्याचा दगड हलवायचा. भिंती मातीच्या, त्या मागे राहायच्या. उंबरा उठला की घर उठलं, उंबरा बसला की घर बसलं. मधल्या काळात माणूस उघड्यावर असला तरी बेघर म्हणायची पद्धत नव्हती. आणखी एक नियम होता. उंबरा पुढे जातो, मागे येत नाही. मागे यायला मागे असतंच काय? पाणी.

यंदा माती दगा देत होती. चालू खड्ड्याचा तळ लागला होता आणि तळाच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे. भाजताना ते गप्प बसतात. भट्टी उघडताना कौल कसं लालबुंद, वाजवलं तर भांड्यासारखं वाजणारं. मग छपरावर दोन दव पडले की आतला खडा पाणी पितो, फुगतो आणि कौलाचा टवका उडवतो.

ज्या दिवशी मोजणीदाराची बातमी आली, त्याच दिवशी वरच्या गावाचा गाडीवान भरली गाडी घेऊन आला. न्यायला नव्हे, परत द्यायला.

"घ्या तुमची लेकरं," तो म्हणाला. "गोवर निघालाय सगळ्यांना."

भट्टीवाल्याने एक कौल उचललं. पाठीवर पांढरे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती उडालेला टवका. त्याने ते उलटं करून आतली बाजू पाहिली, जणू दोष आत असला तर कमी होणार होता.

"उन्हात ठेवलीत का?" त्याने विचारलं.

"नाही, पाळण्यात ठेवली होती," गाडीवान म्हणाला. "अहो, कौलं आहेत ती, छपरावरच ठेवणार ना! घरमालक म्हणाला, जाऊन विचार, औषध आहे का यावर."

चिखल तुडवणारे हसले. भट्टीवाल्याचा धाकटा भाऊही हसला, मग दादाचं तोंड पाहून पुन्हा पाय उचलायला लागला. परत आलेली कौलं भट्टीमागच्या खापरांच्या उकिरड्यावर गेली. ती टाकताना भट्टीवाल्याने एकही फेकलं नाही, वाकून वाकून ठेवली. कंबर धरली तेव्हा कुठे थांबला.

मोजणीदार आधी नुसता बघायला आला. बारीक चणीचा, धुळीने माखलेले बूट, बोलताना समोरच्याच्या पायांकडे पाहायची सवय. सगळी आळी फिरला, तळ्यांची खोली विचारली आणि भट्टीवाल्याने दिलेलं पाणी उभ्याने प्यायला.

"एकच गोष्ट लक्षात ठेवा," तो म्हणाला. "रेघेच्या आत खड्डा नाही. माणसं राहतात तिथली जमीन पोखरायला परवानगी नाही."

"आणि रेघेच्या बाहेर?"

"बाहेर तुम्ही आणि तुमची भट्टी. पूर्वीपासून खणताय, खणा."

"साहेब, घर कोणतं आणि शेड कोणती, हे कसं ठरवता?"

"बघून," मोजणीदार म्हणाला. "पुढच्या आठवड्यात साखळी घेऊन येतो."

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर भट्टीवाल्याने घरात विषय काढला. आळीतलं शेवटचं घर त्याचं. घराखाली आणि मागच्या अंगणाखाली चांगल्या मातीचा शेवटचा पट्टा, काकडीसारखा गार, खडा म्हणून नाही. पलीकडे खापरांचा उकिरडा आणि भट्टी.

"उंबरा उकिरड्यावर नेऊ," तो म्हणाला. "आपण उठलो की आळी शेजाऱ्याच्या भिंतीशी संपली. रेघ तिथूनच वळेल. माती बाहेर, आपण बाहेर. दहा-बारा वर्षांचं काम सुटलं. आणि नळ काय, चार पावलांवर. नळाला हद्द कळते थोडीच!"

धाकटा खुश झाला. "म्हणजे पाणी गावाचं आणि माती आपली."

"कुंभाराची सून शेवटी उकिरड्यावर येतेच म्हणतात," भट्टीवाल्याची बायको चुलीतली लाकडं ओढत म्हणाली. "मला वाटायचं, नुसती म्हण आहे."

"वहिनी, उकिरडा आपल्याच खापरांचा आहे."

"मग काय, मखमल झाली त्याची?" ती नवऱ्याकडे वळली. "अहो, इतकी वर्षं गाव नव्हतं, तेव्हा आपण मधोमध होतो. आता गाव होतंय, तर आपण बाहेर?"

"नुसती रेघ आहे ती. कागदावरची."

"माझा भाऊ आला होता, आठवतं?"

भट्टीवाल्याला आठवत होतं. सगळ्या वस्तीला आठवत होतं, कारण सगळी वस्ती त्यावर हसली होती. तिचा भाऊ बऱ्याच वर्षांनी बहिणीला भेटायला आला. पूर्वी पाहिलेल्या जागी घर शोधलं, तर तिथे तळं. बिचारा काठावर बसून ओक्साबोक्शी रडला आणि दुपारच्या गाडीने परत गेला. बहीण घरासकट बुडाली, असं समजून त्याने माहेरी सुतक पाळलं. ती इकडे पलीकडच्या आळीत कौलं वाळत घालत होती.

"तुम्हाला माती हवी," ती म्हणाली. "मला पत्ता हवा. एवढंच."

"पत्त्याने पोट भरत नाही."

"गोवराच्या कौलांनी भरतं वाटतं?"

इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली म्हातारी तेव्हा बोलली. भट्टीवाल्याच्या या आईने पहिल्या आळीबद्दल सासूकडून ऐकलं होतं, बाकी सगळ्या आळ्यांत ती स्वतः राहिली होती. कोणत्या तळ्यात कुणाची चूल आहे हे तिला विचारायचं. तिला आता नीट दिसत नव्हतं, पण वस्ती तिला पायांनी पाठ होती.

"सूनबाई, घर म्हणजे काय गं?" ती म्हणाली. "उंबरा आहे तिथे घर. तो उठव रे, बाळा. माझ्याच्याने अजून एकदा चालवेल."

सुनेने चुलीवर राख ओढली, तळहाताने दाबली. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण या घरातली चूल तिने स्वतः घडवलेली तिसरी होती. पहिल्या दोन पाण्याखाली होत्या.

सकाळी उंबरा हलला. काळा, लांब, मधोमध पायांनी घासून खोलगट झालेला दगड. धाकट्याने पहार घातली, शेजारचे गडी दोरखंडांना भिडले. दगड आधी हललाच नाही, मग दात उपटल्यासारखा आवाज करून सुटला. खाली दमट, पांढुरकी जागा, तिच्यात सैरावैरा किडे. गोल लाकडांवरून ढकलत, मागचं लाकूड काढून पुढे घालत, त्यांनी तो उकिरड्यावर नेला. वाटेत भट्टीवाल्याच्या करंगळीवर लाकूड चढलं. नख काळं पडलं. त्याने करंगळी तोंडात घातली आणि दुसऱ्या हाताने "ओढा, ओढा" केलं.

चौकट उभी केली, तिला दोन्हीकडून टेकू दिले, दार बसवलं. झालं. चारी बाजूंना उघडं रान आणि मधे एक दार.

"आता छप्पर उतरवा," बायको म्हणाली.

भट्टीवाल्याने जुन्या घराकडे पाहिलं. दार गेल्यावर ते तोंड वासून उभं होतं. पण आत सावली होती आणि वारा कोंडत नव्हता. ओली कौलं वाळवायला याहून चांगली जागा वस्तीत नव्हती, आणि बाहेर भट्टीभर ओली कौलं पडलेली.

"ती वाळेपर्यंत राहू दे," तो म्हणाला. "दार नाही म्हणजे शेड झाली. फुकटची शेड कोण पाडतं?"

इथे त्याचा हिशेब चुकला. पण माणूस एकदा फायद्याची बेरीज करायला बसला की हातचा विसरतोच.

पुढचे दिवस गमतीचे गेले. म्हातारी दारामागे ताडपत्रीखाली बाज टाकून बसली. शेजारीपाजारी भेटायला यायचे, ते दाराशी थांबायचे, कडी वाजवायचे. दाराच्या दोन्ही बाजूंना अख्खं रान मोकळं, पण वळसा घालून कुणी आत आलं नाही. म्हातारी "कोण आहे?" विचारायची, जणू दिसत नव्हतं ते दारामुळेच. मग "या, या," म्हणायची. पाहुणे वाकून आत यायचे, दार लावून घ्यायचे. एकजण तर म्हणाला, "लावतो हं, वारा येतो." वारा चारी दिशांनी येत होता.

स्वयंपाक मात्र सून जुन्याच घरात करत होती. उकिरड्यावरच्या वाऱ्याने चूल पेटत नव्हती. भट्टीवाल्याने काही दिवस ते चालू दिलं. मोजणीच्या आदल्या दिवशी मात्र त्याने बजावलं, "उद्या इथे जाळ नको. भाकरी आजच करून ठेव. साहेब येऊन जाईपर्यंत चूल गार पाहिजे. ऐकतेस ना?"

"ऐकते," ती म्हणाली. ऐकते म्हणाली, मानते म्हणाली नाही. पण भट्टीवाल्याच्या कानांना तेवढा फरक कळण्याची सवय नव्हती.

मोजणीदार आला. साखळी, खुंट्या, लाल फडक्यांचे झेंडे. भट्टीवाल्याने धुतलेला सदरा घातला होता. तो साहेबांना थेट उकिरड्यावर घेऊन गेला.

"हे आमचं घर, साहेब. या."

त्याने दार उघडलं. मोजणीदाराने दाराकडे पाहिलं, दारातून पलीकडच्या म्हातारीकडे पाहिलं, आणि चौकटीला वळसा घालून तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

मागून येणारे लोक जागच्या जागी थबकले. धाकट्याने जीभ चावली. म्हातारीने पावलं ऐकली होती, पण उंबऱ्यावर पाऊल वाजलं नव्हतं.

"कोण भिंतीतून आलं?" ती म्हणाली.

मोजणीदाराने चटकन टोपी काढली. चूक काय झाली ते त्याला कळलं नव्हतं, पण झाली एवढं कळलं. "आजी, भिंत कुठे आहे?"

"येईल की. आधी दार येतं, मग भिंत. तुमच्याकडे उलटं असतं का?"

"आमच्याकडे उलटं असतं," तो म्हणाला, आणि हसला नाही. भट्टीवाल्याला त्याच्याबद्दल बरं वाटलं.

मग तो जुन्या घराकडे गेला. आत ओल्या कौलांच्या रांगा. त्याने दाराच्या रिकाम्या जागेत उभं राहून छप्पर पाहिलं, बाहेर येऊन शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंतचं अंतर पाहिलं.

"छप्पर आहे, दार नाही," तो स्वतःशी म्हणाला. "इथे राहत नाही ना कुणी?"

"नाही, साहेब. शेड आहे. कौलं वाळतात."

"मग रेघ त्या भिंतीशी वळवू." त्याने झेंडेवाल्याला हात केला. झेंडेवाला शेजाऱ्याच्या भिंतीशी गेला, खुंटी टेकवली आणि हातोडा उचलला. भट्टीवाल्याच्या काळ्या नखात ठणका उठला. त्या क्षणी त्याला तो ठणकाही गोड लागला.

तेव्हा घराच्या मागच्या कौलांतून धूर निघाला. आधी एक बारीक सूत, मग ओल्या लाकडाचा चांगला जाड, पांढरा धूर. तो छपरावर पसरला आणि वारा नसल्यासारखा तिथेच बसला.

मोजणीदार आत गेला. ओल्या कौलांच्या रांगांमागे, कोपऱ्यात, भट्टीवाल्याची बायको चुलीपुढे बसली होती. तवा तापला होता.

"तुम्ही इथे राहता?" त्याने विचारलं.

तिने पीठ लागलेल्या हाताने पदर सारखा केला. नवरा साहेबांच्या खांद्यामागून पाहत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, चुकून नव्हे, चांगलं पाहिलं, आणि मग साहेबांना म्हणाली, "चूल इथे आहे. मी दुसरीकडे कुठे राहणार?"

खुंटी उपटली गेली. साखळी पुढे सरकली, घराला आणि मागच्या अंगणाला वळसा घालून गेली आणि उकिरड्याच्या कडेवर थांबली. दार पलीकडे राहिलं.

मोजणीदार गेल्यावर भट्टीवाला चुलीपाशी आला. मारणारा माणूस तो नव्हता. हात कुठे ठेवावे ते न कळून त्याने एक ओलं कौल उचललं.

"आजच का पेटवलीस?"

"भूक आज लागली म्हणून."

कौल त्याच्या मुठीत वाकलं. चारी बोटं त्यात उमटली. त्याने ते तसंच रांगेत परत ठेवलं.

"ताट वाढू?" तिने विचारलं.

त्याने हात धुतले. मग बसला.

राहता राहिली म्हातारी. भट्टीवाला तिला न्यायला गेला तेव्हा तिने बाजेचा पाय घट्ट धरला.

"आई, चल. घर आपलंच राहिलं. उंबरा परत नेतो."

"परत?" म्हातारी म्हणाली. "परत कधी गेलाय रे तो? तुझ्या बापाने नेला नाही, आजाने नेला नाही. आणि मी काय बुडायला येऊ?"

"तिथे पाणी नाही आई. आता होणारही नाही. खणायचंच नाही."

"मग कशाला येऊ?"

त्याने आणि धाकट्याने तिच्या दाराभोवती एक खोली उभारली. भिंती चुनखडीच्या मातीच्या, छपरावर गोवर निघालेली कौलं. पहिल्या दवाला टवके उडाले तेव्हा म्हातारीने आतून विचारलं, "वर कोण फुटाणे खातंय?"

वर्ष सरायच्या आत सगळं झालं. नळ आला. दिवा आला. फाट्यावर पाटी लागली. तिच्यावर लिहिलेलं नाव कुणी घेत नाही, लोक अजून "भट्ट्यांवर"च म्हणतात. भट्टी मात्र आणखी दोनदा लागली आणि थांबली. धाकटा नदीपलीकडे विटांच्या कारखान्यात जातो. दुसऱ्याची माती, दुसऱ्याचा साचा, पण दादापेक्षा लवकर घरी येतो. भट्टीवाला रस्त्याच्या कामावर खडी टाकतो. चांगल्या मातीवर पाठ टेकून झोपतो, आणि कधीकधी कुशीवर वळून जमिनीला बोटाने खरवडून वास घेतो. बायकोने चुलीमागच्या भिंतीला चुना दिला. तिच्या भावाचं पत्र आलं, ते थेट दारात आलं. दार म्हणजे नवं, शेडसाठी केलेलं, बिनउंबऱ्याचं.

मग माणसं मोजायला एक बाई आली. घरोघर नावं लिहून घेत आळीच्या शेवटी पोचली. म्हातारीच्या खोलीकडे तिने पाहिलं, हातातल्या नकाशाकडे पाहिलं.

"त्या या गावच्या नाहीत," ती म्हणाली. "हद्दीबाहेर आहेत."

"सगळ्या आळ्या तिला माहीत आहेत," भट्टीवाला म्हणाला. "पाण्याखालच्यासुद्धा. ती नाही या गावची, तर मग कोण आहे?"

"कुठल्या गावच्या आहेत मग? वरच्या की खालच्या?"

भट्टीवाल्याने वरच्या गावाच्या वाटेकडे पाहिलं, मग खालच्या. बाई चांगली होती, थोडी थांबली, मग पुढे गेली.

तेव्हा जमाखर्च असा. वस्तीने एक म्हातारी दिली आणि गाव घेतलं. धाकट्याचं काही गेलं नाही. भट्टीवाल्याची माती गेली, पण ती त्याच्याच अंथरुणाखाली आहे. बायकोला पत्ता मिळाला. त्याची किंमत ती रोज संध्याकाळी भरते: नळावर घागर भरते, हद्दीची खुंटी ओलांडते, खोलीची एक भिंत पावसात बसलीय तिथून सरळ आत जाता येतं, तरी जात नाही. दाराशी जाते, घागर कमरेवर सावरते आणि कडी वाजवते.

"कोण आहे?" म्हातारी विचारते.

"मी आहे, आत्याबाई. गावातून आले."

"ये," म्हातारी म्हणते. "उंबरा बघून ये."